पन्नास नऊ की एकोणसाठ

नसीम,

आज एकोणचाळीस दिवस झाले. ‘तीस नऊ म्हण,’ असं तू लगेच टोकलं असतंस आणि मी मुद्दाम आवाज चढवून पुन्हा एकोणचाळीस म्हटलं असतं. उद्या तुझा चाळिसावा. अम्मींनी सकाळीच यायला सांगितलंय. जाईन. पण तिथे बायकांच्या घोळक्यात बसून तुझ्याशी भांडता यायचं नाही, म्हणून आजच लिहायला घेतलंय.

शाळा सुटलीय. मी दुसरीच्या वर्गात बसलेय, तुझ्या खुर्चीत नाही, लेकरांच्या सतरंजीवर. फळ्याच्या वरच्या अंगाला तू आखलेली शून्य ते शंभरची रेघ अजून तशीच आहे. मुख्याध्यापक सरही खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहायचे आणि तेवढंच पुसायचे. खिळ्याला तुझ्या अब्बांचा शिंप्याचा टेप लटकतोय. वारा आला की त्याचं पितळी टोक भिंतीवर टकटक करतं, आणि मी दर वेळी मान वर करून बघते.

खरं सांगू, मला तुझी भीती वाटायला लागलीय. समोर आकडा आला की तो तुझ्या आवाजात ऐकू येतो. एसटीच्या पाटीवर, घराच्या दारावर, औषधाच्या पाकिटावर. आधी मी माझ्या रीतीनं वाचते, मग पाठीमागून तुझ्या रीतीनं ऐकू येतं. सकाळी बाहेर स्कूटी थांबली की मी डबा उचलून उभी राहते. दोनदा तर दारापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी दारात दूधवाला होता. ‘काय झालं बाई?’ म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, पातेलं आणते.

बारा वर्षं आपण बाळापूरहून या शाळेत तुझ्या स्कूटीवर आलो. तू पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर दोघींचे डबे. वरच्या वर्गांना तू गणित शिकवायचीस, मी मराठी. शिक्षक कमी पडले तेव्हा दुसरीचा वर्गही आपण दोघींनी वाटून घेतला. पोरं मला बाई म्हणायची आणि तुला मॅडम, हे कुणी ठरवलं कोण जाणे. तू मला मराठीवाली म्हणायचीस. रागात असलीस की सुलभाबाई.

आणि भांडणं. लोकांना वाटायचं आपल्यात काहीतरी बिनसलंय. त्यांना काय माहीत, आपलं भांडण आकड्यांच्या नावांवरून असायचं.

दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचायची नवी रीत आली तेव्हाची गोष्ट. तेवीस म्हणजे वीस तीन, एकोणसाठ म्हणजे पन्नास नऊ. मी ऑफिसात पुस्तक टेबलावर आपटलं. म्हटलं, हे मराठी आहे की मोडकी रेडिओघोषणा? शेकडो वर्षं लोकांनी तोंडात घोळवलेले शब्द, आणि यांनी एका पानात निकालात काढले. तू भाकरी मोडत शांतपणे ऐकत होतीस.

‘सुलभा, तेवीस म्हण,’ तू म्हणालीस.

‘तेवीस.’

‘आधी काय ऐकू आलं?’

‘ते.’

‘म्हंजी तीन. आन् लिहायचा आधी कोण? दोन. कानाला तीन ऐकवायचा आन् हाताला दोन लिहायला लावायचा. सात वर्षांचं लेकरू हाय गं ते. चुकून राहिलं तर चूक लेकराची न्हाई, शब्दाची हाय.’

मी म्हटलं, शब्द अवघड असेल तर तो समजावून द्यावा, फेकून देऊ नये. तू माझ्याकडे बघून हसलीस. ‘मग दे ना समजावून. वर्ग तुझा बी हाय.’ मी विषय बदलला. आणि त्या दिवसानंतर कितीही वाद झाले तरी मी एकाही लेकराला जवळ बसवून एकोणसाठ हा शब्द कधी फोडून दाखवला नाही. शब्दाच्या बाजूनं भांडत मात्र राहिले. तुझा हुकमी एक्का ठरलेला असायचा. ‘साठाच्या अलीकडं एकोणसाठ, सत्तरच्या अलीकडं एकोणसत्तर. मग शंभराच्या अलीकडं एकोणशंभर काहून न्हाई? नव्व्याण्णव काहून?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. शोधतेय.

तुला हा विषय एवढा का लागलाय हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तू दुसरीत होतीस. घरी उनसठ आणि शाळेत एकोणसाठ, दोन्हीकडून तुझ्या कानात साठच वाजायचं. पाटीवर सहा आणि नऊ लिहिलंस आणि कानाखाली बसली. घरी जाऊन तू अब्बांना सांगितलंस की गणित माझं नाही. अब्बा मशीनवर होते. त्यांनी गळ्यातला टेप काढून तुझ्या हातात दिला आणि विचारलं, बेटा, हा कुठे संपतो? साठ इंचांवर. त्याच्या एक घर अलीकडे काय? तिथे पाच आणि नऊ होते. ‘बस, उनसठ यही है. साठ से एक कम.’ त्या दिवशी गणित तुला परत मिळालं, असं तू म्हणायचीस. ज्यांचे अब्बा शिंपी नाहीत त्यांचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न असायचा.

लेकरांचं गणित सुटू नये म्हणून तू काय काय केलंस त्याची मी साक्षीदार आहे. एका सातवीतल्या पोरीची आई आली होती. पोरीकडे बघत म्हणाली, ‘मॅडम, हिला गणित न्हाई जमत. आमच्या घरात कुनालाच न्हाई जमत.’ तू तिला विचारलंस, घरी किती माणसं? अचानक तीन पाव्हणे आले तर भाकरी किती थापायच्या? तिनं पटकन सांगितलं. ‘पीठ किती काढणार?’ तेही सांगितलं. तू म्हणालीस, ‘मग हे काय हाय? उद्यापासून हिच्यासमोर न्हाई जमत म्हणू नका.’ आई लाजली. वातावरण हलकं करावं म्हणून मी मध्येच हसून म्हटलं, ‘अहो, मलाही नाही हो येत गणित!’ सगळे हसले.

तू नाही हसलीस. संध्याकाळी बाळापूरच्या अलीकडे स्कूटी थांबवलीस, बाभळीखाली, आणि मागे वळलीस. ‘सुलभा, मला मराठी येत न्हाई, असं कोणी हसून सांगतं का? सांगितलं तर तू काय करशील?’ मी म्हटलं, मी त्याला शाळेतून हाकलीन. ‘मग गणित येत न्हाई हे काहून दागिन्यासारखं घालून फिरतेस? शिकलेली बाई तू. तूच असं म्हणल्यावर त्या पोरीला वाटणार, बाईंना येत न्हाई तर चालतं, मला न्हाई आलं तरी चालंल.’ मला राग आला होता. तू खरं बोलत होतीस म्हणून जास्त आला.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला कधीच सांगितली नाही.

झेंड्याच्या खांबाची उंची मोजायचा तो दिवस आठवतो? तू पोरांना म्हणालीस, खांबावर चढायचं नाही, शिडी आणायची नाही, आणि उंची सांगायची. पोरं चक्रावली. तू एक काठी उन्हात उभी केलीस आणि तिची सावली मोजायला लावलीस. काठीच्या निम्मी भरली. मग शाळेच्या लांब टेपाचं एक टोक माझ्या हातात दिलंस, ‘धर गं मराठीवाली,’ आणि खांबाची सावली मोजत गेलीस. मी वाकून टोक धरून होते. तू दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. सावली जेवढी, त्याच्या दुप्पट खांब. कुणी सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं. दहावीनंतर पहिल्यांदा गणितातलं काहीतरी मला माझं मला कळलं होतं, आणि अंगावर काटा आला होता.

तू तिकडून विचारलंस, ‘सुलभा, सांग बघू, किती?’ मी सवयीनं म्हटलं, ‘मला बाई काय कळतंय त्यातलं.’ खोटं बोलले. तुझा चेहरा थोडा पडला. एका पोरीनं उत्तर दिलं आणि तू तिला उचलून घेतलंस. मी व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायले. नसीम, मला कळलं होतं गं. तू मला शिकवलं होतंस आणि मी तुला ते कळू दिलं नाही. असं का केलं, याचं उत्तर नव्व्याण्णवच्या उत्तरासारखंच आहे, माझ्याकडे नाही.

तुझ्या वर्गाची एक रीत होती. हजेरीच्या आधी मोजणी. प्रत्येक लेकराला वर्षभरासाठी एक नंबर. पहिल्यानं एक म्हणायचं, दुसऱ्यानं दोन, असं करत शेवटच्या रांगेपर्यंत वीस नऊ. आणि शेवटी तू स्वतः म्हणायचीस, ‘तीस!’ मोजणाऱ्यानं स्वतःला मोजलं नाही तर मोजणी कच्ची, असं तुझं म्हणणं. कुणी गैरहजर असलं तर त्याचा नंबर गाळायचा नाही आणि दुसऱ्यानं घ्यायचाही नाही. सगळ्यांनी मिळून हळू आवाजात तो नंबर म्हणायचा आणि पुढे जायचं. ‘कुणाचा नंबर खायचा न्हाई,’ हे लेकरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मी शेजारच्या वर्गात असायचे. भिंतीपलीकडून तो हळू आवाज आला की मला कळायचं, आज कुणीतरी आलेलं नाही.

तू गेल्यापासून ती मोजणी बंद होती. सर नावं घेऊन हजेरी लावायचे. भिंतीपलीकडून काहीच यायचं नाही, आणि मी पाचवीला कविता शिकवता शिकवता मध्येच थांबायचे.

आता त्या दिवसाचं बोलू या. टाळत होते.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तू दुसरीच्या दारात मला गाठलंस. ‘उद्या माझा दुसरीचा तास घेशील? नांदेडला दाखवून येते. छातीत भरून येऊन राहिलं चार दिवस.’ इतक्या सहज म्हणालीस की मी छातीकडे लक्षच दिलं नाही, तासाकडे दिलं. लेकरं आसपास होती. मी हात जोडून म्हटलं, ‘मराठीचे दोन तास जास्तीचे घेईन बाई, पण गणित मला सांगू नकोस. मला गणित येत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे!’ लेकरं खिदळली. समोरच उभी असलेली ती छोटी गौरी तर माझी नक्कलच करायला लागली. ‘मला गनित येत न्हाई, मला गनित येत न्हाई.’

संध्याकाळी आपण स्कूटीवरून घरी आलो. माझ्या दारात मी उतरले. तू गाडी बंद न करताच म्हणालीस, ‘सुलभा, माझी लेकरं तुझ्या तोंडून हे वाक्य शिकून राहिली गं.’ आणि गेलीस. मी ‘उद्या काय होतं ते कळव’ एवढंही म्हटलं नाही. सोबत येऊ का, असं तर सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या फोनवर नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला. तुझ्या पर्समध्ये शाळेचं ओळखपत्र सापडलं होतं. बसमध्येच त्रास सुरू झाला, वारंगा फाट्याला उतरवलं, तिथून ॲम्ब्युलन्समधून नेलं, पण वाटेतच. सर सांगत होते आणि मी टेबलावरच्या माझ्या फोनकडे बघत होते. तो सकाळपासून तिथेच होता. वाजला नव्हता.

मातीच्या वेळी मी आत अम्मींजवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला. ‘उने तुमकू कुछ बोली क्या बेटी? फोन करी थी क्या?’ मी म्हटलं, नाही. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मला वाटत होतं, तू वारंग्याला उतरलीस, बोलायच्या स्थितीत होतीस, तुझा भाऊ लांब पुण्यात, मी अर्ध्या तासाच्या रस्त्यावर, आणि तरी तू मला फोन केला नाहीस. म्हणजे तू रागावून गेलीस. महिनाभर मी हे मनात घेऊन फिरले. कधी रडायचे, कधी उलट तुझ्यावरच चिडायचे. एवढ्याशा वाक्यावरून कुणी इतकं रागावतं का?

सरांनी दोनदा विचारलं, बाई, नवीन शिक्षक मिळेपर्यंत दुसरीचं गणित घेता का? आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. मला गणित येत नाही, सर. तू गेल्यावरही.

गेल्या आठवड्यात नांदेडला प्रशिक्षण होतं. बस वारंगा फाट्याला थांबली. तुझ्या भावानं सांगितलं होतं की चहाच्या एका हॉटेलासमोरून तुला गाडीत घातलं. मी उतरले. प्रशिक्षण राहिलं. तिसऱ्या हॉटेलात कांताबाई भेटली, माझ्याच वयाची, भजी तळत होती. तुझं वर्णन सांगितलं तसा तिनं झाराच बाजूला ठेवला.

‘त्या साळंच्या बाई व्हय? पार घामानं भिजल्या व्हत्या वो. म्या बाजेवर निजवलं, पानी पाजलं. त्यांचा फोन बंद पडून राहिला व्हता. म्हन्ल्या, घरी नका लावू, आई घाबरंल. सुलभाला लावा. म्या म्हन्लं, नंबर सांगा. डोळे मिटूनच सांगू लागल्या, म्या पुठ्ठ्यावर लिवून घेतला. तीन बार लावला बाई. कोन्ता तरी बाप्या उचलायचा आन् राँग नंबर म्हनायचा. तिसऱ्या बारीला तर वरडलाच.’

पुठ्ठा अजून तिच्या गल्ल्यामागे खोचलेला होता. बिस्किटांच्या खोक्याचा तुकडा. तिनं तो काढून दिला. सगळे आकडे माझेच होते. फक्त शेवटी पाच आणि नऊ हवे होते, तिथे सहा आणि नऊ होते.

मी विचारलं, ‘शेवटी काय म्हणाल्या होत्या त्या?’

‘एकोनसाठ.’

‘मग तुम्ही सहा काहून लिहिला?’

ती म्हणाली, ‘साठ म्हन्ल्यावर सहाच न्हाई का येत, बाई?’ मग हळूहळू तिचा चेहरा बदलला. ‘म्या साळंत लई मार खाल्ला याच्यावरून. चौथीतून सोडली. चुकलं का वो माजं?’

मी म्हटलं, ‘नाही. तुमचं नाही चुकलं.’ ते खोटं नव्हतं. तूच शिकवलं होतंस.

नसीम, तू जगाचे नंबर नव्या रीतीनं सांगायचीस. सरांचा, गॅसवाल्याचा, तुझ्या भावाचा. माझा एकटीचा नंबर तू माझ्या चालीवर पाठ केला होतास. ओळख झाली त्या दिवशी मी तो तुला कविता म्हणावी तसा म्हणून दाखवला होता, शेवटी ‘एकोणसाठ’ लांबवून. तू माझी टिंगल करायला म्हणून ती चाल उचललीस आणि बारा वर्षं तशीच म्हटलीस. बाजेवर पडल्या पडल्याही तेच आलं तुझ्या तोंडात, माझा शब्द. पन्नास नऊ म्हणाली असतीस तर कांताबाईनं पाच लिहिला असता. मी आले असते. तुला वाचवता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण मी त्या बाजेशी असते, आणि कुणीतरी तुझा हात धरला असता.

मी निघताना विचारलं, ‘अजून काही म्हणाली का ती?’

‘गाडी येईस्तवर येकच लावलं व्हतं. सुलभाला सांगा, दुसरीचा तास घे म्हनावं. आता म्या कोन्त्या सुलभाला सांगू? मला काय ठावं, बाई.’

फाट्यावर ट्रक जात-येत होते. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्या पुठ्ठ्यावरचा नंबर लावला. दोनदा वाजला. एका माणसानं ‘हॅलो, कोण?’ म्हटलं. मी पुठ्ठ्यावरचे शेवटचे दोन आकडे बघत राहिले. तो म्हणाला, ‘राँग नंबर हाय का?’ आणि मी म्हटलं, ‘हो.’ पुठ्ठा माझ्या पर्समध्ये आहे. उद्या अम्मींना सांगणार आहे की तिनं फोन केला होता, तीन वेळा केला होता. उशीर झाला सांगायला, पण त्यांना मी दिलेलं ‘नाही’ हे उत्तर चूक होतं आणि चूक खोडून बरोबर लिहायची असते.

दुसऱ्याच दिवशी मी सरांकडे गेले. दुसरीचं गणित मी घेते म्हटलं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘जमेल ना बाई?’ ते जुनं वाक्य जिभेवर आलंच होतं. गिळलं. म्हटलं, ‘शिकेन आणि शिकवेन.’

पाच दिवस झाले. रोज पहाटे उठून तुझी टाचणवही वाचते, लेकरांच्या एक पान पुढे राहण्यापुरती. तुझ्या लेकरांना पन्नास नऊ सांगितलं की सगळी बरोबर लिहितात. मी मुद्दाम एकोणसाठ सांगितलं. गौरीनं सहा आणि नऊ लिहिलं. मी खिळ्यावरचा टेप काढला आणि तिच्या हातात दिला. हा कुठे संपतो गं? ‘साठ!’ त्याच्या अलीकडचं घर? ‘पन्नास नऊ!’ मग मी फळ्यावर शब्द फोडून लिहिला. एक, ऊन, साठ. ऊन म्हणजे बाहेरचं ऊन नाही, उणं, कमी. साठाला एक उणं. एकोणसाठ. पोरांना गंमत वाटली. एकोणसत्तर, एकोणऐंशी त्यांनीच ओरडून फोडले. गौरी म्हणाली, ‘बाई, मंग साठाला एक कमी असंच काहून न्हाई म्हनत?’ मी हसले आणि तुला दाखवावं म्हणून दाराकडे वळले.

इतकी वर्षं मी ज्या शब्दासाठी भांडले तो शिकवायला मला पंधरा मिनिटं लागली, नसीम. ती पंधरा मिनिटं मी तेव्हाच काढली असती तर आपण एकाच बाजूला असतो.

मोजणीला मात्र मी हात लावला नव्हता. नावंच घेत होते, सरांसारखी. आज सकाळी हजेरीपट उघडला तर गौरी उठून उभी राहिली. ‘बाई, आधी मोजनी.’ बाकीची लेकरंही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बरं, करा.

एक. दोन. तीन. आवाज रांगेरांगेनं मागे सरकत गेला. कुणी घाईत, कुणी ओरडून. दहा एक. दहा दोन. मी प्रत्येकाकडे बघत होते. शेवटी कुठे पोचायचं आहे ते मला माहीत होतं. वीस सात. वीस आठ. शेवटच्या रांगेतल्या पोरानं ‘वीस नऊ’ म्हटलं आणि खाली बसला.

आता माझी पाळी. मी तोंड उघडलं. शब्द ओठावर आला होता. पण त्याच्या आत सगळा वर्ग, कुणी काही न सांगता, एकदम हळू आवाजात म्हणाला,

‘तीस.’

गैरहजर लेकराचा म्हणतात तसाच.

मी फळ्याला पाठ टेकवून उभी राहिले. गौरी वाट बघत होती. मग तिनंच सांगितलं, ‘तो मॅडमचा हाय. आता तुमचा म्हना, बाई.’

मी म्हटलं, ‘तीस एक.’